कोरड्यास वाढवा, भाकरी आवरा

कमी कर्बोदकांच्या आहाराचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हे पाश्चात्त्य खूळ आहे. आपले पूर्वज पोटभर भाकरी खाऊनच ठणठणीत राहिले. दुसऱ्या पक्षाच्या मते बदामाचे पीठ, ॲव्होकाडो आणि पाकिटातला महागडा हर्बल चहा घरात आल्याशिवाय तब्येत सुधारणारच नाही. दोन्ही पक्ष चुकीचे आहेत. धान्य कमी आणि भाजी-उसळ जास्त असे जेवण मराठी घरात, मराठी सामानात, नेहमीच्या खर्चात होते आणि त्याच्या जोडीचा चहा खिडकीतल्या कुंडीत उगवतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी पूर्वजांचा दाखला तपासू. नांगर, मोट, जाते आणि डोक्यावरचा हंडा यांत ज्यांचा दिवस जाई, त्यांना तीन-तीन भाकऱ्यांचे बळ लागे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला ते लागत नाही. शिवाय परंपरेनेही धान्य आणि गूळ यांना सरसकट मोकळीक दिलेली नाही. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराची, कारणे सांगताना बैठ्या सुखाच्या जोडीला नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ मोजले आहेत. आजची स्थिती तर डोळ्यांपुढे आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा आहे. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या २०१९च्या आहारविषयक अहवालानेही मान्य केले की रक्तातली साखर आटोक्यात आणण्यासाठी एकूण कर्बोदके कमी करण्याच्या उपायामागे सर्वांत जास्त पुरावा आहे.

दुसरा गैरसमज अदलाबदलीचा. गव्हाऐवजी ज्वारी, साखरेऐवजी गूळ, जेवणाऐवजी उपासाचे पदार्थ, म्हणजे काम झाले असे अनेकांना वाटते. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा थोडी बरी असेलही. पण १०० ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके दोन्हीकडे असतात. गुळात ती ८५ ग्रॅमच्या आसपास. रस्तोरस्ती विकला जाणारा गुळाचा चहा हा गोड चहाच आहे. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. ज्याने खिचडीवर एकादशी काढली, त्याने साखरेच्या दृष्टीने उपास केलेलाच नाही. धान्य बदलले तरी त्याचे प्रमाण तेच राहिले, तर हाती फारसे काही लागत नाही.

मग करायचे काय? ताटातले माप उलटे करायचे. आज दोन-तीन पोळ्या, वर भात आणि तोंडी लावण्यापुरती भाजी अशी वाढणी असते. त्याऐवजी ताटाचा अर्धा भाग भाजीने भरावा, पाव भाग उसळ, अंडी, पनीर किंवा मासळीने भरावा आणि उरलेल्या जागेत एक लहान भाकरी ठेवावी. यासाठी काही नवे शिकावे लागत नाही. चाकवत, शेपू, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला, दुधी, दोडका, पडवळ, कारले ही आपलीच भाजी. दोडक्याच्या शिरांची चटणी, शेंगदाण्याच्या कुटात केलेली भरली वांगी, कारळे-जवसाच्या चटण्या, तव्यावरचा बांगडा हे आपलेच पदार्थ. शेंगदाण्यात शंभराला २५ ग्रॅम प्रथिने आहेत. बदामाच्या पिठावाचून कोणाचे काही अडत नाही. कुळथाचे पिठले आणि मटकीची उसळ यांत कर्बोदके असतात, पण सोबत प्रथिने आणि तंतूही भरपूर असतात. म्हणून त्या दिवशी भाकरी अर्धीच घ्यावी. घरात दोन स्वयंपाक करण्याचीही गरज नाही. वाढत्या वयाच्या मुलाला दोन भाकऱ्या आणि मधुमेही आजोबांना अर्धी. कालवण सर्वांना तेच.

आता चहा. येथे पहिले खंडन विक्रेत्यांच्या दाव्यांचे. कोणत्याही काढ्याने मधुमेह बरा होत नाही. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हेही खरे नाही. करोनाकाळात अनेकांनी रोज गुळवेल उकळून घेतली. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असावी असे म्हटले. पण गफलत इतकी सहज होत असेल, तर मनाने काढे घेऊ नयेत, हेच त्यातून सिद्ध होते.

घरच्या चहाचे मोल वेगळे आहे. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर. त्या जागी गवती चहा, पुदिना, तुळस, आले यांचा बिनसाखरेचा कप आला, की ती सगळी टळते. पावसाळ्याच्या तोंडावर गवती चहाच्या बेटातून मुळासकट एक फुटवा काढून उन्हातल्या मोठ्या कुंडीत लावावा. जमिनीपासून चार बोटे वर कापत राहिले की तो पुन्हा फुटतो. पुदिन्याची काडी पाण्यात मुळे धरते. तो पसरतो म्हणून त्याला वेगळी कुंडी द्यावी. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की पाने येत राहतात. गवती चहा आणि आले उकळावे. पुदिना आणि तुळस मात्र गॅस बंद करून टाकावी आणि वर झाकण ठेवावे, म्हणजे सुगंधी तेल उडून जात नाही.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच धान्य कमी करावे, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही आपल्या मनाने काही करू नये.

शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे: पालेभाजी निवडायला, शेंगा सोलायला, चिरायला वेळ जातो आणि तो बहुतेक घरांत बाईचाच जातो. त्याचे उत्तर स्वयंपाकाच्या पद्धतीत नाही, घरातल्या कामाच्या वाटणीत आहे. ज्यांना आपली साखर उतरायला हवी आहे, त्या पुरुषांनी संध्याकाळी मेथीची जुडी पुढ्यात घेऊन बसावे. एकट्या बाईच्या कष्टावर चालणारा कोणताही आहार घरात फार दिवस टिकत नाही.