बालवर्गातील आभासी सहल : समुद्र पडद्यावर, नदी मात्र प्रत्यक्ष

रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या कानांवर समुद्र, होडी, शिंपला हे शब्द गोष्टी-गाण्यांतून पडतात. मात्र छत्तीसगडला समुद्रकिनाराच नाही. अशा मुलांना वर्गात बसवून कोकणचा किनारा पडद्यावर दाखवणे आता शक्य झाले आहे. या पद्धतीला 'आभासी सहल' म्हटले जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ती कितपत उपयुक्त आहे, हा खरा प्रश्न आहे.

शाळांना ही सहल सोयीची वाटते, यात नवल नाही. बसभाडे, मनुष्यबळ आणि मुख्यतः सुरक्षितता या अडचणी टळतात. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांनंतर पालकांची भीती स्वाभाविक ठरते.

परंतु लहान मूल केवळ डोळ्यांनी शिकत नाही. स्पर्श, गंध आणि आकारमानाचा अंदाज पडद्यावरून मिळत नाही. तेथे हत्ती आणि मांजर एकाच चौकटीत मावतात. शिवाय प्रत्यक्ष सहलीत काय पाहायचे, हे मूल स्वतः ठरवते. हत्ती सोडून ते मुंगीकडे पाहत बसते आणि त्यातूनच प्रश्न विचारते. पडद्यावर ही निवड बहुधा कॅमेऱ्याने आधीच केलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सुचवली आणि त्याहून कमी वेळ अधिक चांगला, असेही म्हटले. डोळ्यांवर चढवायच्या आभासी उपकरणांबाबत 'मेटा' कंपनीनेच २०२३ मध्ये ठरवलेली किमान वयोमर्यादा १० वर्षांची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ आणि कृतीवर भर दिला आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला परिसरातील वस्तूंच्या आधारे बालशिक्षणाचा प्रयोग केला. मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली.

आभासी सहलीचा निकष यातूनच मिळतो. जे ठिकाण आवाक्याबाहेर आहे, त्यासाठी पडदा वापरावा. दृश्य काही मिनिटांचेच असावे, शिक्षिकेने ते मध्येच थांबवून मुलांना बोलते करावे आणि नंतर वाळू, पाणी, शिंपले मुलांच्या हाती द्यावेत. खारून नदीवरील महादेव घाट किंवा १८७५ मध्ये स्थापन झालेले महंत घासीदास संग्रहालय मात्र रायपुरातच आहे. तेथे पडद्याची सबब चालू नये.

सहलीचा खर्च वाचवण्यासाठी शाळांनी पडद्याचा आधार घेतला, तर ज्यांचे पालक मुलांना कोठेही नेऊ शकत नाहीत, त्या मुलांचे सर्वाधिक नुकसान होईल. त्यांच्यासाठी शाळेची सहल हीच अनेकदा एकमेव सहल असते.