तारीख नको, मुदत द्या!



सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीला गेलेल्या बाईला काय मिळते? तारीख. त्या तारखेला मशीन बंद, नाहीतर डॉक्टर रजेवर. मग पुढची तारीख. दर खेपेला दोघांचे एसटीभाडे, दोघांची मजुरी बुडाली आणि फुटलेला कापूस झाडावरच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे वाचले, हे खरे. पण ताटकळण्याचा खर्च सरकारच्या कोणत्या वहीत मांडला आहे? (ज्वारीच्या उत्पादनखर्चात घरच्यांची मजुरी धरताना हात आखडणारे सरकार ते हेच.)

मुदत बांधता येत नाही असे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्याला मुदत, चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. उसाला मुदत, दाखल्याला मुदत. पोटातल्या गाठीला मात्र नाही!

डेन्मार्कने २००२ साली नियम केला: सरकारी रुग्णालयाने दोन महिन्यांत उपचार केले नाहीत तर रोग्याने करार केलेल्या खाजगी रुग्णालयात जावे, बिल सरकार भरेल. २००७ मध्ये ही मुदत एक महिन्यावर आणली. खरी मेख बिलात आहे. इंग्लंडमध्ये १८ आठवड्यांची हमी कागदावर आहे, पण १०० पैकी ९२ रोग्यांना ती पाळण्याचे उद्दिष्ट २०१६ नंतर गाठलेले नाही. हमी मोडली तरी कुणाच्या खिशाला चाट बसत नसेल तर ती हमी कसली?

मुंबईचे साहेब म्हणतील, पैसा नाही. त्यांना १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. १९९२ मध्ये बंगालचा एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवले. शेवटी खाजगीत पैसे मोजावे लागले. पश्चिम बंग खेतमजूर समिती कोर्टात गेली. कोर्टाने २५,००० रुपये भरपाई दिली आणि बजावले, जीव वाचवण्याच्या बाबतीत सरकारला पैशाची सबब सांगता येणार नाही. खाजगीवाले लुटतील म्हणाल, तर दर बांधता येतात. महात्मा फुले योजनेत ते बांधलेलेच आहेत.

जिल्हा मेळाव्यात ठराव येणार आहे: केसपेपरवर मुदतीचा शिक्का, मुदत टळली तर उपचार कुठेही, बिल आणि एसटीभाडे सरकारचे. येताना घरातले जुने केसपेपर घेऊन या, तारखांवर तारखा पडलेले. व्यासपीठासमोर एक टेबल ठेवू, तिथे पोरे त्यांची नोंद करतील.