आधी हाड जुळू दे?

कोपराला लावलेला गूळ जिभेला मिळत नाही, हे आपल्या भाषेला केव्हाच कळले आहे. मोडलेले कोपर दीड महिना प्लास्टरमध्ये जखडले, तर ताटातला घासही तोंडापर्यंत जाईनासा होतो, हे मात्र अजून घरोघर पटवून द्यावे लागते.

दुचाकी घसरून माणूस हातावर पडला की भोवती जमणाऱ्या नातेवाइकांचे म्हणणे ठरलेले असते : ऑपरेशनची घाई कशाला? आधी हाड जुळू दे, मग तेल लावून, मालिश करून हात मोकळा करू.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. सांधा नुसता निखळला असेल आणि बसवल्यावर जागेवर टिकत असेल, किंवा रेडियसच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या, डोक्याला केवळ तडा गेला असेल, तर बहुधा थोडे दिवस झोळी पुरते. तिथे कोणी प्लेट सुचवलीच, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय मान हलवू नये.

पण गुंतागुंतीच्या दुखापतीची जातच वेगळी. कोपरात तीन हाडे भेटतात, त्यांचे तीन सांधे होतात आणि ते सगळे एकाच पातळ पिशवीत असतात. सांधा निखळलेला, रेडियसचे डोके फुटलेले आणि अल्नाच्या, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या, पुढच्या चोचीचा तुकडा उडालेला, अशा दुखापतीला अमेरिकन सर्जन रॉबर्ट हॉचकिस यांनी 1996 मध्ये ‘टेरिबल ट्रायड’, म्हणजे भयंकर त्रिकूट, असे नाव दिले. यात बाहेरच्या बाजूचा अस्थिबंधही बहुतेक तुटलेलाच असतो. असा सांधा प्लास्टरच्या आतही घसरू शकतो. घसरला नाही तरी तीन आठवड्यांपलीकडे स्थिर ठेवलेली ती पिशवी जाड होऊन आकसते. हाड जुळते, हात आखडतो.

‘मग मालिश आहेच की!’ माझा खरा राग या वाक्यावर आहे. ताज्या जखमी कोपराभोवतीचे स्नायू रगडले, हात हिसडून सरळ केला, की नको तिथे नवे हाड धरण्याचा धोका वाढतो. मालिशच्या जोडीला घट्ट पट्ट्या बांधल्या, तर लहान मुलांत रक्तच अडू शकते आणि पंजा कायमचा वाकडा होऊ शकतो. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी 1881 मध्येच हे लिहून ठेवले आहे.

ऑपरेशनमध्ये रेडियसचे डोके स्क्रूने जोडतात, चुराच झाला असेल तर धातूचे बसवतात. गरजेप्रमाणे चोच पक्की करतात, अस्थिबंध हाडाला परत शिवतात. एवढा खटाटोप एक्स-रे देखणा दिसावा म्हणून नसतो. हाड आपले आपणच जुळते. ते जुळेपर्यंत हात हलवता यावा, यासाठी ही बांधणी. म्हणून पहिल्या आठवड्या-दहा दिवसांतच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू व्हावा लागतो. पाठीवर निजून दंड छताकडे उभा धरायचा आणि कोपर स्वतःच्या ताकदीने वाकवायचे, सरळ करायचे. या स्थितीत हाताचे वजन आणि दंडामागचा स्नायू सांधा जागेवर दाबून धरतात. दुखते. करंगळीला मुंग्या आल्या तर तेही लगेच सांगायचे, कारण तिची नस कोपराच्या मागूनच जाते.

ऑपरेशन करून पुन्हा दीड महिना प्लास्टर घालणारे सर्जनही म्हणूनच माझ्या लेखी पूर्वपक्षातलेच. पैसे गेले, टाके पडले आणि आखडणे टळले नाहीच.

हात पूर्वीसारखा होईल का? अनेकदा नाही. शेवटचे काही अंश सरळ होत नाहीत आणि लोक त्याचीच खंत करत बसतात. मेयो क्लिनिकच्या मोरे आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मोजून दाखवले की, रोजची बहुतेक कामे 30 ते 130 अंशांच्या वाकण्यात भागतात. त्याबरोबर पंजा दोन्हीकडे 50-50 अंश वळावा लागतो. तीर्थ घ्यायला तळहात वर व्हायलाच हवा.

तेव्हा सर्जनला खर्चाइतकेच ठणकावून हेही विचारावे : हात कितव्या दिवशी हलवायचा? ‘प्लास्टर निघाल्यावर बघू’ असे उत्तर आले, तर कारण मागावे. हाडे फार ठिसूळ आहेत, बांधणी कच्ची राहिली आहे, ही कारणे खरी असू शकतात. ‘आमच्याकडे असेच करतात’ हे कारण नव्हे.