कोकणची रो-रो बोट : सीट कोणती आणि लाइफ जॅकेट कुठे?

गारखेड्याहून मोटारीने कोकणात जायचे तर शेवटी घाट उतरावाच लागतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गसाठी ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर झालेली रो-रो सेवा म्हणूनच मोहात पाडते. मोटार बोटीत चढवा, वर जाऊन बसा. बोट ‘एम टू एम प्रिन्सेस’, वेग 25 नॉट, म्हणजे ताशी साधारण 46 किलोमीटर. तेव्हाच्या घोषणेनुसार जयगड तीन तासांत, विजयदुर्ग पाच. तेव्हा जाहीर झालेले भाडे 2,500 ते 9,000 रुपये होते.

महाग सीट म्हणजे आरामाची सीट, असे समुद्रावर नसते. बोट टोकांना जास्त हलते, मध्यभागी कमी. बोट लागत असेल तर मधली सीट बघा.

खरा प्रश्न मोटारी ठेवायच्या मजल्याचा. तो सलग, मोकळा असतो. तिथे पाणी शिरले तर ते एका बाजूला धावते आणि बोट कलंडते. 1987 मध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ पुढचा दरवाजा उघडा ठेवून निघाली. 193 जणांचा जीव गेला. त्यानंतर जगभर नियम कडक झाले.

आपल्याकडे 18 डिसेंबर 2024 ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून ‘नीलकमल’ बुडाली, 15 जण गेले. ती बोट लहान होती, तुलना थेट होत नाही. पण अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. कंपन्यांनी एसी आणि कॅफेच्या फोटोंआधी दोन गोष्टी सांगाव्यात : लहान मुलांच्या मापाची जॅकेट किती आहेत आणि ती घालायला प्रवाशांना कधी शिकवणार?