सेवा की सहल?

परदेशी महिनाभर राहावे, एखादी शाळा रंगवावी, मुलांना चार इंग्रजी शब्द शिकवावेत आणि उरलेल्या वेळात तेथील देवळे, बाजार व नाचगाणी पाहावीत, अशा सेवायात्रा आता रीतसर शुल्क आकारून विकल्या जातात. दूरच्या माणसाच्या उपयोगी पडावे असे तरुण मनाला वाटले तर त्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या माणसाने आपल्याला बोलावले आहे काय?

या प्रथेचा आरंभ मोठा बोलका आहे. पहिल्या महायुद्धात व्हर्दूनच्या रणभूमीजवळील एक फ्रेंच खेडे बेचिराख झाले होते. पिएर सेरेझोल हा स्विस अभियंता १९२० साली निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक घेऊन ते पुन्हा उभारण्यासाठी गेला. त्यांत जर्मनही होते. कालच्या शत्रूने दगडविटा वाहाव्यात ही कल्पना उदात्त खरी. परंतु ज्यांची घरे गेली होती त्यांना ते हात नको होते, आणि काही महिन्यांतच काम आवरते घ्यावे लागले. हाच सेरेझोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आला तो येथील मदतकार्याच्या हाताखाली राबण्यासाठी.

त्याने स्थापन केलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे स्वयंसेवक पुढे, १९५४ च्या सुमारास, वरोड्याजवळ आनंदवनात येऊन राहिले. बाबा आमटे यांच्या कुष्ठरुग्णांसह त्यांनी बांधकाम केले. पण इमारतींहून मोठी गोष्ट घडली ती वरोड्याच्या गावात. हे पाहुणे रुग्णांत निःशंकपणे वावरतात हे पाहून लोकांची भीती ओसरू लागली. घरच्या माणसाचे सांगणे पटले नाही आणि परक्याचे वागणे पटले, हे आपल्याला फारसे भूषणावह नाही. पण झाले तसे खरे.

आता कंबोडियाकडे पाहावे. अंकोरची मंदिरे पाहण्यास येणाऱ्यांची रीघ वाढली, तशी तेथील अनाथालयेही वाढली. त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे पुढे उघड झाले. गरीब आईबापांना शिक्षणाची आशा दाखवून मुले आणावयाची आणि कनवाळू पाहुण्यांकडून देणग्या घ्यावयाच्या, असा हा व्यवहार होता. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली आधुनिक गुलामगिरीची चौकशी केली तेव्हा या अनाथालयांचाही विचार तिला करावा लागला. पाहुण्याचा हेतू निर्मळ असेलही. परंतु दर पंधरवड्यास नव्या ताईला बिलगावयाचे आणि तिला निरोप द्यावयाचा, हे ज्या मुलाच्या वाट्याला येते त्याला त्या हेतूचा काय उपयोग?

तेव्हा परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शुल्क भरण्यापूर्वी विचारावे, की हे काम गावाने मागितले आहे काय, आणि ते करू शकणारा गवंडी किंवा शिक्षक तेथे रिकामा बसलेला नाही ना? जी संस्था अनोळखी पाहुण्याला चौकशी न करता मुलांत सोडते, तिला सरळ नकार कळवावा. अंकोरची मंदिरे मात्र अवश्य पाहावीत. त्यासाठी तिकीट काढून साधा प्रवासी म्हणून जाण्यात काहीच कमीपणा नाही.