छताचा पंखा अमेरिकेला कशाला दाखवायचा?

रात्रीचे नऊ वाजले होते. भिलाईच्या रिसाली भागातल्या एका मराठी घरात जेवणे आटोपली आणि मोबाइल वाजला. न्यूजर्सीतल्या लेकीचा व्हिडिओ कॉल होता. तिला सातवा महिना लागलेला. आईने तब्येत विचारली, जेवणखाण विचारले, हिरवी साडी पाठवू का, तेही विचारले. वडील मागून डोकावून गेले. तेवढ्यात पडद्यावर लेकीचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने थिजला. ‘‘आई, मी काय म्हणत होते...’’ एवढे ऐकू आले आणि पुढचे तुटले. ‘‘डेटा संपला वाटतं गं, ठेवते हं!’’ असे म्हणून आईने घाईघाईने लाल बटण दाबले.

लेकीला विचारायचे होते, ‘‘बाळंतपणाला तू येशील ना?’’ तीन आठवडे हा प्रश्न तिच्या ओठांवर होता आणि तीनही वेळा आईने नेमक्या त्याच सुमारास फोन ठेवला होता. आता तर तिला वाटू लागले होते, आईला यायचेच नसावे.

आईच्या मनात तसे काही नव्हते. तिच्या हाताला जुनी सवय होती, इतकेच. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्यातल्या नोकरीसाठी विदर्भातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे मग इथलीच झाली. माहेर नागपूर-वर्ध्याकडे आणि संसार भिलाईत, अशा बायकांचा फोनशी संबंध आला तो एसटीडी बूथच्या काचेच्या खोलीत. रात्री ११ नंतर दर पाव व्हायचा, म्हणून तोवर जागायचे, रांगेत उभे राहायचे आणि बोलताना एक डोळा त्या पळत्या तांबड्या आकड्यांवर ठेवायचा. सासरचे-माहेरचे सगळे तीन मिनिटांत. तो हिशेब त्या काळी बरोबर होता, कारण ते यंत्र अंतर आणि वेळ या दोनच गोष्टी मोजत असे.

मोबाइलच्या डेटाचे तसे नाही. इथे अंतराला किंमतच नाही. नागपूरच्या बहिणीशी बोला की न्यूजर्सीच्या लेकीशी, डेटा तेवढाच लागतो. वेळ महत्त्वाचा आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या वेळात किती चित्र ये-जा करते ते. बोलणे स्वस्त असते, चित्र महाग. हे एकदा समजले, की गप्पा आवरत्या घेण्याची पाळी फारशी येत नाही.

थोडे आकडे पाहू. झूम या कंपनीने सांगितलेल्या गरजेनुसार दोघांच्या साध्या, चांगल्या दिसणाऱ्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला ६०० किलोबिट जायला आणि तेवढेच यायला लागतात. आठ बिटांचा एक बाइट. त्या हिशेबाने तासाला जाताना २७० एमबी आणि येताना २७० एमबी, म्हणजे एकूण ५४० एमबी होतात. चित्र आणखी सुस्पष्ट हवे असेल, तर हाच आकडा दुप्पट, म्हणजे १ जीबीच्या थोडा वर जातो. आणि नुसत्या आवाजाला? सेकंदाला ६० ते ८० किलोबिट. दोन्ही बाजू धरून तासाला ५४ ते ७२ एमबी. थोडक्यात, चित्रासह तासभर बोलण्यात जेवढा डेटा जातो, तेवढ्यात नुसते बोलायचे तर साडेसात तास बोलता येईल! वेगवेगळ्या अॅपचे आकडे कमीजास्त होतात, पण चित्र आणि आवाज यांतली तफावत सगळीकडे अशीच मोठी असते.

आता चित्र म्हणजे काय, तेही पाहायला हवे. फोन प्रत्येक क्षणाचे पुरे चित्र पाठवत नाही. एकदा पुरे पाठवतो आणि नंतर मुख्यतः जे बदलले तेवढेच कळवत जातो. मागची भिंत स्थिर असेल, तर तिच्याबद्दल पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाही. पण चित्रात सगळेच हलत असेल, तर कळवण्याजोगे संपतच नाही. अंधारातल्या चित्रावर जे दाणे-दाणे दिसतात, तेही फोनच्या दृष्टीने सतत बदलणारे चित्रच.

आणि आपल्या घरांत काय होते? पाच मिनिटे समोरासमोर बोलणे झाले, की आई फोन ओट्यावर उताणा ठेवून पोळ्या लाटायला लागते. गप्पा चालूच. कॅमेरा मात्र छताकडे. मग अर्धा तास अमेरिकेतली लेक काय पाहते, तर भिलाईतला गरगर फिरणारा पंखा! एका क्षणाचे चित्र दुसऱ्यासारखे नाही, म्हणजे कळवायला सर्वांत अवघड वस्तू नेमकी तीच. ज्या डेटात लेकीचा चेहरा दिसला असता, तो पंख्यावर उधळला गेला. घरात वीज वाया जाऊ नये म्हणून खोलीखोलीतला दिवा मालवत फिरणाऱ्या गृहिणीला हे कोणी सांगतच नाही.

तेव्हा काम करत बोलायचे असेल, तर आपला कॅमेरा बंद करावा. कॉलच्या पडद्यावरच त्याचे बटण असते आणि ते दाबल्याने कॉल तुटत नाही. लेकीचे चित्र इकडे दिसत राहते. बरेच जण असे समजतात, की आलेलेच चित्र पॅकमधून जाते. तसे नाही, गेलेलेही जाते. आपला कॅमेरा बंद केला, की खर्च जवळजवळ निम्मा होतो. दोघींनी बंद केला, तर जवळपास नुसत्या आवाजाचाच उरतो. मात्र घरात कमी ऐकू येणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याशी बोलणाऱ्याने आपला कॅमेरा बंद करू नये. ओठांच्या हालचालीवरून ते निम्मे बोलणे समजून घेतात. काटकसर तिथे करायची नसते.

रिसालीतल्या त्या घरात नेमके काय चुकत होते, हे रायपूरहून आलेल्या भाच्याने मामीचा फोन हातात घेतल्यावर पाच मिनिटांत कळले. पॅक रोज दीड जीबीचा. दिवसभर मामींच्या मालिका आणि पाककृती, मामांच्या बातम्या. त्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी सकाळी येणारे शुभेच्छांचे व्हिडिओ, न पाहताच आपोआप उतरवले जाणारे. शिवाय फोटो आपोआप साठवणारे अॅप. रात्री नऊला लेकीचा फोन यायचा, तेव्हा तळाशी जेमतेम काही उरलेले. दिवसाचा डेटा संपला, की बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ किलोबिटवर येतो. कुठे ६०० आणि कुठे ६४! चित्र थिजणारच. पण एवढ्यातही आवाज कसाबसा जाऊ शकतो. म्हणजे त्या वेळी दोघींनी कॅमेरा बंद करायला हवा होता. मामी कॉलच बंद करत होत्या.

‘‘आणि मी बिचारीला म्हणायचे, तुमच्याकडचंच नेट खराब!’’ मामी म्हणाल्या.

भाच्याने व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात जाऊन कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय चालू केली. मोबाइल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरणे बंद केले. कॉलच्या यादीत एखाद्या कॉलवर बोट ठेवले, की तो किती वेळ चालला आणि त्याला किती डेटा लागला, हे दिसते, तेही दाखवले. मामींनी चष्मा लावून मागचे कॉल एकेक करून पाहिले. पंख्याचे दिवस त्यांना लगेच ओळखू आले!

एका गोष्टीबद्दल मात्र त्याने मुद्दाम बजावले. पॅक संपला म्हणून मामांच्या फोनचे हॉटस्पॉट घ्यायचे, हा घराघरातला उपाय. पण मामींच्या फोनला ते वायफाय वाटते. वायफाय म्हणजे फुकट, अशी त्याची समजूत. मग तो मोबाइल डेटासाठी लावलेली बंधने सोडून देतो, अडून राहिलेले फोटो पाठवायला लागतो, अॅप अद्ययावत करायला घेतो. दहा मिनिटांत मामांचाही पॅक रिकामा. हॉटस्पॉट घ्यावाच लागला, तर त्या जोडणीला मर्यादित डेटाची म्हणून खूण करण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती वापरावी. आणि नेट फार जोरात असेल, तेव्हा निर्धास्त होऊ नये. वेग मिळाला, की अॅप चित्र आपणहून अधिक सुस्पष्ट करते आणि डेटाही अधिक खाते.

बाकी वेळेचा प्रश्न उरला होता. दिवसाचा डेटा मध्यरात्री नव्याने मिळतो. मग लेकीशी बोलायला रात्र कशाला? रविवारी सकाळी सातला भिलाईत उजाडलेले असते, मालिका सुरू व्हायच्या असतात, पॅक अखंड असतो, आणि न्यूजर्सीत उन्हाळ्यात शनिवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. लेकीलाही दुसऱ्या दिवशी सुट्टी.

त्या रविवारी आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पाठीमागे साधी भिंत, खिडकीचा उजेड तोंडावर. पंखा बंद करायची गरज नव्हती, तो चित्रात येतच नव्हता. दहा मिनिटे दोघी एकमेकींना पाहत बोलल्या. मग आई म्हणाली, ‘‘थांब, चहा टाकते, तू बोलत राहा.’’ आणि तिने आपला कॅमेरा बंद केला. बहुधा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच लेकीला धीर आला असावा.

‘‘आई, बाळंतपणाला येशील?’’

‘‘अगं, तू बोलावतेस कधी, याचीच वाट पाहत होते मी. पासपोर्ट काढून ठेवलाय केव्हाचा!’’

चहा उतू गेला. कॉल पुढे पाऊण तास चालला.