खडकाळ कोण?

ख्रिस्ताची सुवार्ता एकच. मग एकजण ती हृदयाशी धरतो नि दुसरा पाठ फिरवितो, हे का? पेरणाऱ्याच्या दाखल्यात येशूने सांगितले की बी तेच, जमिनी निराळ्या. दाखला मार्मिक खरा. पण त्याच्या आधारे नकार देणाऱ्यास ‘खडकाळ’ ठरविणारा उपदेशक आम्हांस मान्य नाही. धाराशिवच्या शिवारात काळे रान कोणाच्या वाट्यास गेले नि माळ कोणाच्या, हे जमिनीने ठरविलेले नाही!

१८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले ते धर्मजिज्ञासेने. नगरकडील महार-मांगांना त्याच सुवार्तेत शाळेचे दार दिसले. बाबासाहेबांनीही बायबल अभ्यासिले. परंतु ख्रिस्ती मंडळीत शिरलेल्या जातीबद्दल त्यांनी परखड जाब विचारला आणि १९५६ साली ते नागपुरास बुद्धाला शरण गेले.

शिवाय कायदा आहेच. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क धर्माला बांधले. बौद्धांना केंद्राने ते १९९० साली दिले; पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य ख्रिस्त्यांना आजही नाहीत. लेकराची शिष्यवृत्ती पणास लागली असता बाप कचरला, तर त्याचे हृदय खडकाळ काय?

आणि शेजारच्या ख्रिस्ती बांधवास ‘पोटासाठी बाटला’ म्हणणाऱ्या आपल्यातील काहींनी आठवावे, की आपण दीक्षा घेतली तेव्हा गावानेही आपल्याला हेच ऐकविले होते.